चार नट, एक वायसर

"जेलीचे नाहीत?" गेलॉर्डने खोक्यातला एकेक डोनट बोटाने उलटा करून पाहिला. "वर्षभर आणतेयस पोरी, अजून कळत नाही तुला, म्हातारी माणसं काय खातात ते?"

"संपले होते," मॅरिसोल म्हणाली. "तुमची साखर बघून देवानेच संपवले असतील."

घडीच्या खुर्च्यांवर बसलेले बाकीचे चौघे हसले. ऑर्विल पेटीग्रू सगळ्यांत जास्त हसला, कारण पोरगी त्याने क्लबात आणलेली होती आणि तिचं प्रत्येक उत्तर त्याला आपणच दिल्यासारखं वाटायचं. तिने खोकं टेबलावर ठेवलं, खिशातून फडकं काढलं आणि गेलॉर्डच्या गाडीची चाकं पुसायला घेतली. उमेदवारीच्या वर्षातलं हे शेवटचं पुसणं होतं. तिला सभासद करून घ्यायचं की नाही, यावर संध्याकाळी मतदान होतं.

टुलेरीच्या जत्रेच्या मैदानावर त्या शनिवारी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. वारा गोठ्यांकडून येत होता, तरी शेणाच्या वासाकडे कोणी लक्ष देत नव्हतं. क्लबचं नाव गोटहेड्स. त्या भागात टायर पंक्चर करणारे सराटे उगवतात, त्यांचं नाव. नाव ठेवणाऱ्याला पुढचं दिसत असावं. एके काळी क्लबच्या चाळीस गाड्या रांगेने गावातून निघायच्या. जुन्या फोर्ड घ्यायच्या, छत कापून बसकं करायचं, आत दांडगं इंजिन बसवायचं आणि वाऱ्यासारखी गाडी पळवायची, हा त्या सगळ्यांच्या तारुण्याचा धर्म होता. आता पाच गाड्या, पाच खुर्च्या आणि पाच गोळ्यांच्या डब्या उरल्या होत्या. खुर्च्यांवर बसून पाचही जण एकच रडगाणं गायचे, की हल्लीच्या पोरांना या गाड्यांची आवड नाही. मान फोनमधून वर निघत नाही आणि पाना कुठल्या हातात धरायचा तेही ठाऊक नाही. असं म्हणत असतानाच एखादा पोरगा गाडी बघायला वाकला, की गेलॉर्ड खेकसायचा, "हात लावू नको. आईबाप आहेत का सोबत?" पोरगा निघून जायचा आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तेच, पोरं येतच नाहीत.

मॅरिसोल किंतेरो मात्र चिकटली. सत्तावीस वर्षांची, दूध डेअरीच्या टाक्यांना वेल्डिंग करायची. आजोबांच्या संत्र्याच्या बागेत गंजत पडलेली एकतीस सालची फोर्ड तिने दोन वर्षं खपून उभी केली होती. पहिल्या दिवशी ती गाडी घेऊन आली तेव्हा गेलॉर्डने तिला विचारलं होतं, "नवरा कुठाय? गाडी कोणाची, त्याची?" ती शांतपणे म्हणाली होती, "नवरा अजून बनवला नाही. आधी गाडी बनवली." त्याच दिवशी ऑर्विलने क्लबच्या उमेदवारीसाठी तिला जामीन राहायचं ठरवलं.

ऑर्विलबद्दल सांगण्यासारखं तसं फार नाही. जन्मभर त्याने शाळेच्या बसगाड्यांचे पोचे काढले आणि त्यांना पिवळा रंग मारला. बायको गेली, मुलगा केंट ॲरिझोनात, महिन्यातून एखादा फोन. माणूस मवाळ, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्याच्याकडे बत्तीस सालची दोन दारांची हिरवी फोर्ड कूप होती आणि तिचं छत त्याने विशीत स्वतः कापून चार बोटं खाली घेतलं होतं. कापलेल्या कडा जोडून त्या शिवणीत त्याने वितळलेलं शिसं भरलं होतं, मेण लावलेल्या लाकडी थापीने लोण्यासारखं पसरून. लांबलांबची माणसं यायची, डोळे मिटून छतावरून तळवा फिरवायची आणि शिवण कुठे आहे ते सांगता न आल्यामुळे मान हलवायची. ऑर्विलच्या आयुष्यात त्याला कोणी मान हलवून दाद दिली असेल, तर ती तेवढीच.

मार्चमध्ये ती शिवण तडकली. ऑर्विलने शिसं वितळवायची गॅसबत्ती हातात घेतली तर उजवा हात लटलट कापायला लागला आणि शिसं छतावर पडायचं ते जमिनीवर पडलं. आठवडाभर त्याने गाडीवर चादर टाकून ठेवली. मग मॅरिसोलला बोलावलं. तो स्टुलावर बसून सांगायचा, "थांब, अजून चकाकलं नाही. आता. आता थाप," आणि ती थापायची. दोघांचे रविवार फार चांगले गेले. काम संपल्यावर तिने खिशातलं फडकं काढलं आणि दाराची मूठ, कड, छत, जिथे जिथे हात लागला होता तिथे तिथे पुसायला लागली. हे त्यानेच तिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, की दुसऱ्याच्या गाडीवर आपला ठसा सोडायचा नाही.

"राहू दे," ऑर्विल म्हणाला. "ही नको पुसूस. तुझे ठसे चालतील हिला."

"का बरं, डॉन ऑर्विल?" तिच्या घरात वडीलधाऱ्यांना आदराने 'डॉन' म्हणत.

"माझ्यामागे ही तुलाच. केंटला ना आवड ना गॅरेज. पण आधी सभासद हो, क्लबची पाटी मिळव. पाटीची गाडी सभासदाकडेच जाते, नियम आहे."

ती छताकडे बघत राहिली आणि मग फडक्याने डोळे पुसले. शिवणीचं कोणाला सांगू नकोस, असं ऑर्विल म्हणाला नाही. हे काय सांगायला हवं, असं त्याला वाटलं. आणि तिच्या घरात चांगलं काम झालं की ते चार माणसांना सांगायची रीत होती. लपवतात ते वाईट काम.

तर त्या शनिवारी फ्रेझ्नोहून एक तरुण जोडपं आलं होतं. नवरा हिरव्या कूपपाशी रेंगाळला, परवानगी मागून त्याने छतावर तळवा फिरवला, पुन्हा फिरवला.

"शिवण सापडतच नाही," तो बायकोला म्हणाला. "कोणाचं काम आहे हे?"

ऑर्विल खुर्चीतून अर्धवट उठला, पन्नास वर्षं उठत आला होता तसाच. पण मागून मॅरिसोलच बोलली, गेलॉर्डच्या चाकापाशी बसल्या बसल्या, चेहरा आनंदाने फुललेला.

"माझं! मार्चमध्ये मी भरली ती. यांनी शिकवलं मला. एवढं चांगलं काम माझ्या हातून आजवर झालं नव्हतं."

तरुण तिच्याकडे वळला. त्याची बायको वळली. दोघं तिला विचारायला लागली, शिसं कुठलं, थापी कसली, आम्हालाही शिकवाल का. अजून दोन-चार तरुण पोरं गोळा झाली. ऑर्विल तसाच अर्धवट उभा होता.

"बस खाली," गेलॉर्ड म्हणाला. "तुला नाही विचारत कोणी."

हार्लन क्लबचा अध्यक्ष, त्याला हसू आवरेना. "काय रे ऑर्विल, आम्हाला म्हणालास तूच केलीस डागडुजी."

"गाडीला नर्स ठेवलीय त्याने," गेलॉर्ड म्हणाला. "उद्या शर्टाची बटणं लावायलाही बोलावशील तिला. आताच सांगून ठेव, चमच्याने भरवते का विचार."

उरलेले दोघे, योकम भाऊ, फारसं बोलत नसत, तेही हसले. ऑर्विलने उजवा हात डाव्या हातात धरला आणि हसल्यासारखं केलं. मॅरिसोलला यातलं काहीच ऐकू गेलं नाही. ती पोरांना थापी कशी धरायची ते हवेत हात फिरवून दाखवत होती.

संध्याकाळी हार्लनच्या गॅरेजात मतदान झालं. पद्धत जुनी होती. क्लबच्या संस्थापकाच्या गाडीच्या चाकाचे लाल रंगवलेले नट आणि तसेच लाल वायसर एका पेटीत जपून ठेवलेले असत. प्रत्येकाला एक नट आणि एक वायसर मिळायचा. मूठ झाकून कॉफीच्या डब्यात एक टाकायचं, उरलेलं खिशात घालायचं, मागितलं तरी कोणाला दाखवायचं नाही आणि दुसऱ्या दिवशी हार्लनच्या पत्रपेटीत सोडायचं, म्हणजे कोणी काय टाकलं ते कळत नाही. नट म्हणजे हो. एकही वायसर पडला की उमेदवार बाद, कायमचा.

मॅरिसोल बाहेर अंगणात थांबली होती. तिच्या आईने घरून मक्याच्या पानांत वाफवलेल्या तमालेचं पातेलं पाठवलं होतं, मत झाल्यावर सगळ्यांनी खावं म्हणून. ते तिने गाडीच्या बॉनेटवर टॉवेलात गुंडाळून ठेवलं होतं, गार होऊ नये म्हणून.

डबा फिरला. ऑर्विलच्या हातात आला तेव्हा त्याच्या एका मुठीत नट होता आणि एका मुठीत वायसर. त्याने दिवसभर स्वतःला समजावलं होतं. पोरगी आहे, तिला काय कळतं, आनंदात बोलून गेली. समजावून समजावून तो जवळजवळ निवळला होता. पण डबा धरला तसा त्याचा हात कापला, डबा खुळखुळला आणि गेलॉर्ड म्हणाला, "नर्सला हाक मारू का?"

ऑर्विलने वायसर टाकला. नट जाकिटाच्या खिशात गेला.

हार्लनने डबा टेबलावर उपडा केला. चार नट, एक वायसर. सगळे गेलॉर्डकडे बघायला लागले.

"मी नट टाकला," गेलॉर्ड म्हणाला.

"असेल," हार्लन म्हणाला.

"असेल काय? टाकलाय. तोंड माझं वाईट आहे, पण काम कळतं मला. या पोरीएवढं काम तुमच्यातल्या एकालाही येत नाही." तो एकेकाच्या तोंडाकडे बघत गेला. ऑर्विलपाशी आला तेव्हा ऑर्विलने त्याच्याकडे, तू असं करशील वाटलं नव्हतं, अशा नजरेने पाहिलं. खरंच तसं पाहिलं त्याने. इतकं खोटं आपल्या डोळ्यांना येतं, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

जन्मभर गेलॉर्ड वाईट बोलला आणि सगळ्यांनी ते चालवून घेतलं. एकदाच खरं बोलला, तर कोणी विश्वास ठेवला नाही. तो बाहेर गेला, मागच्या बंपरखालची क्लबची पाटी त्याने पान्याने काढली, हार्लनच्या उंबऱ्यावर ठेवली आणि गेला. त्याच्यानंतर क्लबही गेल्यातच जमा होता. उरलेलं पत्रपेटीत टाकायची आठवण कोणी कोणाला केली नाही.

तिला सांगायचं काम जामीन राहिलेल्याचं. ऑर्विल अंगणात आला. त्याचा चेहरा बघूनच ती समजली.

"गेलॉर्डच ना?" ती म्हणाली.

ऑर्विल जमिनीकडे बघत राहिला. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता.

"जाऊ दे, डॉन ऑर्विल. तुम्ही केलंत तेवढं कोणी केलं नसतं माझ्यासाठी." तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हातारा रडेल की काय, अशी तिला भीती वाटली. "तमाले तरी घेऊन जा. एकटे आहात, दोन दिवस पुरतील."

त्याने पातेलं नेलं. आणि खाल्लेही, तीन दिवस, चवीने.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मॅरिसोल टाको विकणाऱ्या एका गाडीच्या मागच्या पटांगणात दर शुक्रवारी गाड्या लावायला लागली. आधी फ्रेझ्नोचं जोडपं आलं, मग त्यांचे मित्र, मग मित्रांचे मित्र. कोणाची फोर्ड, कोणाची आजीची शेव्हरोले, कोणाकडे नुसताच सांगाडा आणि तोही ट्रेलरवर. पाटी नाही, मत नाही, येईल त्याने पाना उचलावा. एकदा केंट बापाला डॉक्टरकडून घरी आणताना तिथून गेला.

"डॅड, बघा, केवढी पोरं आहेत. आणि तुम्ही म्हणता आवड नाही कोणाला."

"काच वर कर," ऑर्विल म्हणाला. "वारा लागतो."

तिच्याकडे जायचं तो रोज ठरवायचा आणि रोज टाळायचा. गाडी द्यायची तर सभासद नसलेल्या माणसाला का, हे विचारायला आता कोणी उरलंही नव्हतं. पण तिच्यासमोर उभं राहिलं की ती पुन्हा एकदा आभार मानील, ते त्याला सोसणार नव्हतं. तेवढ्यात त्याची उजवी बाजू गेली. केंटने घर विकायला काढलं, बापाची सोय ॲरिझोनातल्या एका वृद्धाश्रमात केली आणि कूपला तिथलाच एक दंतवैद्य गिऱ्हाईक मिळाला. दवाखान्याच्या दर्शनी खोलीत ठेवणार होता. इंजिन काढून, तेलाचा वास नको म्हणून.

ट्रेलर आला तो दिवस धुक्याचा होता. गाडी ट्रेलरवर चढवणं केंटच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून त्यानेच मॅरिसोलला फोन केला. ती डेअरीतून परस्पर आली. वाळली होती, हाताला भाजल्याचे नवे डाग होते.

"कसे आहात, डॉन ऑर्विल?"

ऑर्विल क्लबचं जाकीट घालून चाकाच्या खुर्चीत बसला होता. ते आज वर्षाने पहिल्यांदा केंटने त्याच्या अंगात चढवलं होतं. तिला बघून त्याचं मन एकदम ठरलं. इतके दिवस जे होत नव्हतं ते सोपं वाटायला लागलं. द्यायची. आत्ता, इथेच द्यायची आणि मोकळं व्हायचं.

"किल्ली," तो म्हणाला. जीभ जड झाली होती. "खिशात."

तिने वाकून जाकिटाच्या खिशात हात घातला. किल्ली निघाली, आणि किल्लीच्या कडीला अडकून एक लाल नट निघाला.

मॅरिसोलने तो तळव्यावर घेतला. मतदानाची पद्धत तिला ऑर्विलनेच समजावून सांगितली होती, उमेदवारीच्या पहिल्या महिन्यात, मोठ्या कौतुकाने. ती नटाकडे बघत होती. ऑर्विल तिच्याकडे बघत होता.

"तू ने," तो म्हणाला. "गाडी. तुझी आहे."

"डॅड?" केंट म्हणाला. मग खांदे उडवून, "तुम्हाला तसंच हवं असेल तर मी त्या डॉक्टरला कळवतो. माझी काही हरकत नाही."

मॅरिसोलने नट परत खिशात टाकला. खिशाच्या झडपेचं बटण लावलं, त्याच्या बोटांना जमलं नसतं म्हणून.

"नको, मिस्टर पेटीग्रू," ती म्हणाली. "पाटीची गाडी सभासदाकडेच जाते. तुमचा नियम आहे."

मग तिने गाडी सुरू केली. थंडीत आधी दोनदा पेडल मारायचं आणि मग थांबायचं, हे ऑर्विल सोडला तर तिलाच माहीत होतं. एका दमात तिने कूप ट्रेलरवर चढवली, चारी चाकं पट्ट्यांनी आवळली. केंट आभार मानत होता, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

तिने मागच्या खिशातून फडकं काढलं. स्टीअरिंग पुसलं, दाराची मूठ पुसली, काचेची कड पुसली. शेवटी ट्रेलरच्या कठड्यावर चढून छताची ती शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसली, सावकाश, कुठेही बोट उमटलेलं राहू नये अशी. फडक्याची घडी घालून खिशात ठेवली आणि ती कामावर परत गेली.