पायाला लागलेली ऊब

मी एक जुना ट्रायपॉड आहे, म्हणजे कॅमेऱ्याची तीन पायांची घोडी. कारखान्यात मला पाय मिळाले, मान मिळाली, पण डोळे द्यायचं कुणाला सुचलं नाही. त्यामुळे मित्रांनो, जगाबद्दल मला जे कळलं ते कानांनी आणि पायांनी. चौकशीची खोड मात्र जन्मापासूनची.

मला विकत घेतलं ते फोटो स्टुडिओवाल्या ताईंनी. आठवडाभर त्या गिऱ्हाइकांना "हनुवटी जरा खाली" म्हणायच्या आणि सुट्टी आली की आपल्या बाबांना घेऊन पाणथळीवर पक्षी टिपायला जायच्या. तिथे बगळ्यालासुद्धा त्या हळूच म्हणायच्या, "हनुवटी जरा खाली." बाबा दुर्बीण लावून हसायचे. मी चिखलात उभा राहून विचार करायचो, बगळ्याला हनुवटी असते तरी का? फोटो छान आला की सगळे कॅमेऱ्याचं कौतुक करायचे. मिरवायला तो आणि राबायला मी. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू?

एका पहाटे ताईंना पाणलावा या पक्ष्याची मादी टिपायची होती. ती नरापेक्षा देखणी आणि भलतीच लाजाळू. ताई कित्येक वर्षं तिच्या मागावर होत्या. कॅमेरा हलू नये म्हणून त्या नेहमी कोरडी, खड्यांची जागा शोधत, तीही पायानेच चाचपून, कारण डोळा कॅमेऱ्याला लागलेला असे. त्या दिवशीही त्यांनी मला तसंच रोवलं.

आणि माझ्या पुढच्या पायाला काहीतरी कोमट लागलं. खडा म्हणावा, तर पहाटेचा खडा गार असतो. मला मोठं कुतूहल वाटलं.

तेवढ्यात डोक्यावर एक टिटवी कर्कश ओरडायला लागली.

"ही आपल्याला शिव्या देतेय बरं का," बाबा म्हणाले.

"देऊ दे. हलू नका बाबा, पाणलावी गवतातून बाहेर येतेय."

टिटवी ओरडतच राहिली. माझ्या पायाची ती ऊब कमी कमी होत चालली, आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कोरडी, खड्यांची जागा टिटवीलाही लागते. ती तिथेच उघड्यावर अंडी घालते. मी तिच्या घरात पाय रोवून उभा होतो आणि मला ओरडता येत नव्हतं. इतकं असहाय मला कधीच वाटलं नाही.

"अगं, ही आपल्यालाच का धरून बसलीय?" असं म्हणत बाबा खाली वाकले. मग त्यांचा आवाज एकदम उतरला. "ताई, पायाशी बघ. अंडी आहेत. घोडीचा पाय अगदी टेकलाय."

"फुटलंय का एखादं?"

"नाही. पण गार पडत चाललीत."

"आणि ती आत्ता अगदी समोर आलीय, बाबा."

ताईंचा श्वास मला वरून ऐकू येत होता. मग त्यांनी मला अलगद, सरळ वर उचललं. गवतात फडफड झाली आणि पाणलावी उडून गेली.

आम्ही लांब बांधावर गेलो. ताईंनी कॅमेरा पिशवीत ठेवला. टिटवीचं ओरडणं थांबलं. बऱ्याच वेळाने बाबा दुर्बिणीतून बघत म्हणाले, "बसली गं अंड्यांवर."

ताई रडल्या की हसल्या, मला नीट कळलं नाही. पाणलावी पुन्हा काही त्यांना दिसली नाही.

आता नवा कॅमेरा हातात धरूनही हलत नाही म्हणे. मी स्टुडिओच्या दारामागे असतो आणि लोक माझ्यावर ओल्या छत्र्या अडकवतात. माझी धूळ पुसा असा हट्ट नाही, पुसलीत तर बरंच वाटेल. पण मित्रांनो, पाणथळीवर जाल तेव्हा दूरचं बघण्याआधी पायाशी बघा. एखादा पक्षी ओरडत असेल, तर का ओरडतो ते शोधा. आपल्याला वाटतं, आपण नुसते उभे आहोत. तेवढ्यात कुणाचं तरी अंडं गार होत असतं.