अण्णांचा उजवा हात

अण्णांनी आयुष्यभर लोकांची छतं रंगवली. सदा वर असणारा त्यांचा उजवा हात अर्धांगाच्या झटक्यानंतर मांडीवर पडून राहिला, तेव्हा लेकीने कंबर कसली. ती योग शिकवायची, आणि शिक्षिका अगदी हाडाची. बापाचा हात पुन्हा वर नेईन तरच नावाची, असं तिने स्वतःला बजावलं होतं.

रोज सकाळी ती त्यांच्या खुर्चीपाशी बसून हात हळूहळू वर न्यायची. "श्वास सोडा, अण्णा... अजून थोडं." हात थेट कानापर्यंत जायचा. अण्णांच्या तोंडून ब्र निघत नसे. तप तप म्हणतात ते हेच, असं ती आईला कौतुकाने सांगायची. आई नुसती "हं" म्हणायची. त्या "हं"मध्ये काय काय होतं, हे विचारायला लेकीला सवड कुठली!

एकदा आईला दात काढायला जायचं होतं. अण्णांना एकटं कसं ठेवणार, म्हणून लेकीने त्यांना आपल्या वर्गात नेऊन मागे खिडकीजवळ खुर्ची दिली. अण्णा नव्या विद्यार्थ्यासारखे ताठ बसले.

वर्गात एक बँकवाले काका होते. शेजारणीपेक्षा जास्त वाकायच्या नादात ते लालबुंद झालेले. बाईंनी, म्हणजे लेकीने, त्यांना नेहमीसारखं झापलं. "काका, इथे शर्यत नाहीये. जुन्या लोकांनी योगाच्या नियमांत अहिंसा सगळ्यात आधी ठेवली, तप कितीतरी नंतर. आणि ती अहिंसा आपल्या गुडघ्यांनाही लागू आहे बरं का! दुखायला लागलं की थांबायचं. चला, हात वर."

सगळ्यांचे हात वर गेले. अण्णांनी डाव्या हाताने उजवा धरून उचलला. तो पोटापर्यंत आला आणि थांबला.

दमले असतील, असं तिला आधी वाटलं. मग तिला आपलंच मघाचं वाक्य आठवलं.

वर्ग सुटल्यावर ती त्यांच्यासमोर खाली बसली. "अण्णा, घरी तर हात कानापर्यंत जातो."

"जातो ना."

"दुखतं?"

"इथल्या बाई म्हणाल्या, दुखलं की थांबा. म्हणून थांबलो." मग अण्णा ओशाळून म्हणाले, "घरी तू इतकी खूश होतेस गं, ठमे. नाही म्हणवत नाही."

तिला रडू फुटलं. हा हात आता छताकडे जायचा नाही, हे तिला कळलं होतं. पण रडू आलं ते बाप रोज मुकाट सोसत होता म्हणून. अण्णा गडबडले. डाव्या हाताने तिच्या डोक्यावर थोपटत राहिले.

तिने डोळे पुसले आणि त्यांचा उजवा हात आपल्या तळव्यावर घेतला.

"आता बाई नाही आणि लेकही नाही. कुठे थांबायचं ते तुम्ही सांगायचं. खरं खरं."

हात मांडीवरून जेमतेम सुटला होता.

"बस," अण्णा म्हणाले. आणि ती थांबली.