खाऱ्या पाण्याची दुपार

रहिमतपुरात भाची समीनाच्या मंगनीची पंगत बसत होती आणि जीनत वाढपाला उभी राहिली होती, तेवढ्यात तिच्या पर्समधला फोन वाजला. सासूबाईंचा नंबर. मदिनाबी स्वतःहून कधी फोन लावत नसत, म्हणून जीनतनं हातातलं भांडं दुसरीकडे दिलं आणि ती मांडवाबाहेर आली.

"जीनत, तुझा समुदर बंद पडला गं," मदिनाबी म्हणाल्या.

"बंद पडला म्हणजे काय झालं, अम्मी?"

"लाइट गेली आन् आली ती भडकूनच आली. खालच्या डब्यांतनं धूर निघाला. मी बटन बंद केलं. पाणी हलंना झालंय, आन् मासं समदी वर येऊन तोंडं वासाय लागल्यात."

पंप आणि लाटा करणारा पंखा, दोन्हींचे अडॅप्टर विजेच्या एकाच पट्टीवर होते. दोन्ही एकदम गेले असणार.

जीनत विश्रामबागेतल्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. विद्यार्थिनी असताना सहलीला कोकणात गेली होती, तेव्हा ओहोटीच्या वेळी खडकातल्या डबक्यात वाकून पाहिलं आणि ते डबकं डोक्यातून काही गेलं नाही. सहा वर्षांपूर्वी तिनं हॉलमध्ये चार फुटी काचेची टाकी मांडली. गोड्या पाण्यात खास मीठ मोजून मिसळायचं आणि त्यात प्रवाळ वाढवायचे, असा तो खटाटोप. नारिंगी माशांची एक जोडी, एक पिवळा मासा, लाल पट्ट्यांची एक कोळंबी. नवरा मतीन रत्नागिरीला नोकरीला, पंधरा दिवसांतून एकदा यायचा. तो हसायचा, पण आडवा आला नाही.

आडव्या आल्या त्या सासूबाई. दोन वर्षांपूर्वी गुडघे धरले म्हणून आटपाडीहून राहायला आल्या आणि पहिल्याच दिवशी टाकीपुढं उभं राहून म्हणाल्या, "आमी घागरभर पाण्यापायी कोसभर चाललो, आन् हितं चांगल्या पाण्यात मीठ घालून नासवत्यात." त्यानंतर त्यांनी टाकीचं नाव काढलं नव्हतं. निदान जीनतसमोर तरी नाही.

"अम्मी, नीट ऐका. पाण्यात हवा मिसळली पाहिजे. भांड्यानं पाणी उचलायचं आणि हातभर उंचीवरून परत ओतायचं. खालच्या मजल्यावरच्या सुभेदारांना बोलवा."

"तांब्या घेऊ?"

"तांब्या नको! तांबं, पितळ, काहीच नको. तांबं त्यांना विष आहे. स्वयंपाकघरातला प्लॅस्टिकचा मग घ्या. न्हाणीतला नको, त्याला साबण असतो."

जीनतचा भाऊ अफताब जेवणावरून उठला आणि त्यानं गाडी काढली. कोणी काही विचारलं तर काय सांगायचं, हा प्रश्नच होता. मासे गुदमरतायत म्हणून भाचीच्या मंगनीतून पळाली, हे गावभर व्हायला वेळ लागणार नव्हता.

कराडच्या अलीकडे सुभेदार उदयसिंहांचा फोन आला. फौजेत सिग्नलमध्ये चोवीस वर्षं काढलेला माणूस. आवाज अजून परेडचा.

"मॅडम, माझ्या कूलरचा पंप आणलाय. टाकू का आत?"

"काका, आधी त्याचे स्क्रू बघा. पितळेचे आहेत का?"

थोडा वेळ नुसती खुडबुड ऐकू आली. "हायत. दोन."

"मग नका टाकू."

"ठीक हाय. टेबल फॅन लावतो पाण्यावर. मगानं ओतणं चालूच हाय. मावशी ऐकंनात, मला पाळीच देईनात."

जीनतनं फोन मांडीवर ठेवला. बाहेर उसाचे फड मागं पळत होते. सहा वर्षांत एवढं वाढवलेलं दुपारभरात जाणार, असं तिनं मनाशी धरूनच टाकलं होतं. अफताब म्हणाला, "काय होईल ते होईल, आपा. तू एक घोट पाणी पी."

साडेतीनला ती जिना चढून वर आली. दार उघडंच होतं. मदिनाबी उंच स्टुलावर बसल्या होत्या, पदर कमरेला खोचलेला, कोपरापर्यंत हात ओले. हातातला मग बुडवायचा, उचलायचा, ओतायचा. ओतता ओतता त्या बोलत होत्या, पण सुभेदारांशी नव्हे.

"हां, ये रं मियाँ, हितं ये. बीवीला पण आण. आत्ता येतीया तुमची जीनत."

आणि नारिंगी जोडी खरोखरच त्यांच्या बोटांपाशी घुटमळत होती. जीनतनं हात घातला की तेच मासे खडकाआड पळायचे. दोन वर्षं ती कॉलेजात असताना या घरात काय चालायचं, ते तिला आत्ता कळलं.

"अम्मी, तीन तास झाले! गुडघे?"

"गुडघ्याला काय झालंय? पाणी हातानं ओतायचंय, पायानं न्हाई."

मासे सगळे जिवंत होते. प्रवाळ मात्र मिटून गेले होते. जीनत जमिनीवर बसली आणि तिनं पंप बाहेर काढला. तो ठीक दिसत होता. जळले होते ते अडॅप्टर.

सुभेदारांनी चष्मा कपाळावर सरकवून लेबल वाचलं. "चोवीस व्होल्ट. दुकानात विचारलंय मी. असला पुण्यावरनं यावा लागतो, उद्या संध्याकाळी."

उद्यापर्यंत मगानं पाणी कोण ओतणार? जीनत लेबलाकडं बघत राहिली. चोवीस व्होल्ट हे तिनं अलीकडेच कुठंतरी वाचलं होतं. मागच्या महिन्यात पाणी शुद्ध करायचं मशीन बिघडलं, तेव्हा मेकॅनिकनं भिंतीवरून उतरवलेला तो काळा डबा!

ती स्वयंपाकघरात धावली. मशीनमागून अडॅप्टर ओढून आणला. चोवीस व्होल्टच. फक्त पिन वेगळी.

"पिनेचं माझ्यावर सोडा," म्हणत सुभेदारांनी जुन्या वायरीची पिन कापली आणि नव्या वायरीला जोडून काळ्या टेपनं घट्ट गुंडाळली. या अडॅप्टरचा जोर कमी होता, म्हणून पंप सगळ्यात कमी वेगावर ठेवला. बटन दाबलं. क्षणभर काहीच नाही. मग टाकीच्या कोपऱ्यातून बुडबुडे आले आणि पाणी हललं.

मदिनाबींनी हातातला मग खाली ठेवला. उठायला गेल्या तर गुडघ्यांनी तीन तासांचा हिशेब एकदम मागितला. अफताब आणि जीनत, दोघांनी धरून त्यांना पलंगावर नेलं. त्या दिवशी सगळ्यांनी पाणी उकळून प्यायलं.

सकाळी जीनत उठून हॉलमध्ये आली, तर मदिनाबी टाकीपुढं डोक्यावर पदर घेऊन उदास बसलेल्या. वाळूवर कोळंबी आडवी पडली होती, पांढुरकी आणि निश्चल.

"गेली बिचारी," त्या म्हणाल्या. "ह्या मियाँ-बीवीकडंच बघत ऱ्हायले गं मी. तिच्याकडं माझं ध्यानच न्हाई गेलं."

जीनतनं वाकून पाहिलं आणि ती हसायलाच लागली.

"हसतीस काय?"

"अम्मी, ती कोळंबी नाही. तिचं कवच आहे. वाढली की जुनं टाकून देते. ती बघा, खडकामागं."

खडकाच्या फटीतून दोन लांब मिशा हलत होत्या. नवी कोरी, लाल पट्ट्यांची कोळंबी आत अंग चोरून बसली होती. मदिनाबींनी काचेला नाक लावून बराच वेळ निरखलं.

"आगं माझे बाये," त्या पुटपुटल्या, "पहाटेपासनं रडवलंस की मला." मग जीनतकडं वळून म्हणाल्या, "चहा टाक. आन् मियाँ-बीवीला आज खायाला मीच घालनार."