तिसऱ्या भागाचं नाव

“तिसरा भाग बांधून झाला का?”

सुपडूने सुईवरची नजर वर केली. वाचनालयामागच्या बांधणीच्या खोलीच्या दारात एक माणूस उभा होता. डोक्यावर काळं हेल्मेट, त्याची काच खाली ओढलेली, हातांत पांढरे सुती मोजे. मे महिन्यात भर दुपारी दोन वाजता धुळ्याच्या देवपुरात असं कोणी दिसलं तर त्यात नवल नाही. पारा चव्वेचाळीसच्या पुढे गेला की धुळेकर डोळे सोडून सगळं झाकतात, आणि हल्ली तर डोळेही. नवल एवढंच, की हा माणूस सावलीत येऊनही काच वर करत नव्हता.

“कोणतं पुस्तक, भाऊ?”

“तुमच्या मांडीवर आहे ते. पहिले दोन माझ्याकडे आहेत. नाव सांगून नेले होते. याचं नाव काय?”

सुपडूने मांडीवरच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. पुठ्ठा नाही, पाठ नाही, सोळा पानांचा पहिला फर्माच गळालेला. “नावाचं पान नाही याला. मॅडमला विचारून सांगतो.”

“विचारा. उद्या बारावा ना? उद्या येतो.”

तो गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज काही आला नाही. सुपडूला वाटलं, लांब सावलीत लावली असेल. त्याने पुन्हा सुईत दोरा ओवला, आणि सहज भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. त्या दिवशी एकोणीस तारीख होती.

सुपडू चाळीस वर्षं पुस्तकं बांधत होता. कागदोपत्री तो कधीच निवृत्त झाला होता, पण त्याच्याइतकी घट्ट जुजबंदी, म्हणजे फर्म्यांची शिवण, धुळ्यात दुसरं कोणी करत नव्हतं, म्हणून वाचनालयाने त्याला सोडलं नाही आणि त्यानेही खोली सोडली नाही. सकाळी मैद्याची खळ शिजवायची, वाळवी लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद टाकायचं, आणि दिवसभर दुसऱ्यांच्या पुस्तकांना पाठीचा कणा द्यायचा. शिवता शिवता तो वाचायचा. त्यामुळे त्याचं वाचन सगळं सोळा सोळा पानांचं. गोष्टीच्या मधे टाका घालायला थांबायची सवय झालेली.

या उन्हाळ्यात त्याच्यापुढे पोत्यांनी शिलेदार येऊन पडले होते. शिंदखेड्याच्या एका मास्तरांनी जन्मभर तेवढीच पुस्तकं जमवली होती. लोखंडी चिलखतातल्या, घोड्यावर भाला घेऊन बसणाऱ्या विलायती शिलेदारांच्या जुन्या दंतकथा, त्यांची मराठी भाषांतरं, चित्रांच्या पुस्तिका, आणि तळाशी हल्लीची गुळगुळीत कॉमिक्स, ज्यांत घोडा जाऊन मोटार आली होती आणि चिलखत जाऊन घट्ट कपडे. मास्तर गेले तशी मुलाने सगळी रास वाचनालयाला देऊन टाकली. घरात जागा झाली म्हणून सूनबाई खूश झाल्या म्हणे.

सुपडूने महिनाभरात त्यातली बरीच शिवली आणि त्याच्या लक्षात एक गोष्ट आली. हजार वर्षांत घोडा बदलला, हत्यार बदललं, पण हे लोक तोंड काही उघडं ठेवत नाहीत. एवढं लोखंड अंगावर चढवून माणूस शेवटी लपवतो काय, तर नाव. जुना शिलेदार मैदानात उतरला की राजा विचारतो, तू कोण, आणि तो सांगत नाही. नव्या कॉमिकमधला तर घरच्यांनाही सांगत नाही. सुपडूला त्याचं हसू आलं होतं. हे बठ्ठे, सगळेच्या सगळे, आपल्याच जातकुळीचे निघाले.

कारण त्याच्याआधी आईची पाच मुलं गेली होती. सहावा जन्मला तेव्हा तिने त्याला सुपात घातलं, सूप उकिरड्यावर ठेवलं, आणि शेजारणीने केर उचलावा तसा तो उचलून आणून दिला. असल्या मुलाचं नाव सुपडू. नेणारा आला तर त्याला वाटावं, हा काय नेण्याजोगा नाही. खानदेशात गावागणिक असे सुपडू आहेत आणि बहुतेक म्हातारे होऊन मरतात. पण त्याच्या लग्नाच्या आदल्या दिवशी आईने त्याला मागच्या दारी नेलं आणि कानाशी लागून म्हणाली, “तुनं खरं नाव अभिमन शे. मी जिती शे तवलोंग कोनले सांगू नको. आनि मी गयी तरी सांगू नको.” त्याने ते बायकोलाही सांगितलं नव्हतं. बेचाळीस वर्षं संसार करून मंदाबाईला नवऱ्याचं नाव ठाऊक नव्हतं.

तीन वाजता ग्रंथपाल कामिनी मॅडम जेवून आल्या. सुपडूने विचारलं, “मॅडम, या पुस्तकाचे पहिले दोन भाग कोणी नेले?”

“कुठले भाग? एकच पुस्तक आहे ते, सुपडूभाऊ. यादी मीच केलीय.” त्यांनी गठ्ठा चाळून पाहिला. “आणि आज दुपारी कोण येणार? पुढचं दार मी कुलूप लावून गेले होते.”

बांधणीच्या खोलीत यायला त्या दाराखेरीज दुसरी वाट नव्हती. सुपडूने हात धुतले, तरी बोटांची खळ काही सुटेना.

घरी मंदाबाई दवाखान्यातून डबा घेऊन परतली होती. रत्ना, त्यांची एकुलती एक मुलगी, धुळ्यातच नदीपलीकडच्या दवाखान्यात होती. तिचं हे तिसरं बाळंतपण. पहिल्या मुलाचं बाराव्या दिवशी थाटात बारसं केलं, योगेंद्र नाव ठेवलं, आणि तेराव्या दिवशी तो गेला. दुसरी दीपमाला. बारसं झालं आणि पंधरवड्यात तीही गेली. हा तिसरा काचेच्या पेटीत पडून होता. वजन वाढेना, दूध पिईना, आणि डॉक्टर रोज एकच सांगत, अजून काही म्हणता येत नाही. मनगटाच्या पट्टीवर लिहिलेलं होतं, रत्नाचं बाळ.

“रत्नाना बाबा,” मंदाबाई म्हणाली, “सकाय बारावा दिन शे. जवाईबापू फारमवर नाव लिखी देणार शेत. तुमी त्यास्ले सांगा. मनं कोन ऐकस?”

बारावा. सुपडू जागच्या जागी खाली बसला. त्याला भीती वाटली, साधी, लहान मुलाला वाटते तशी. बायकोला काय सांगणार? त्याने जावयाला फोन लावला. स्वप्नील एरंडोलचा, मोबाइलचं दुकान चालवणारा, गुणी मुलगा.

“मामा, बरं झालं फोन केला. नाव ठरलं. सांगू?”

“नको,” सुपडू म्हणाला. “मला सांगू नका. आणि लिहूही नका एवढ्यात.”

“मामा, तुमच्या शब्दाबाहेर मी नाही. पण दोन लेकरं मी बिनकागदाची पुरलीत. याचं काही झालं तरी कुठेतरी त्याचं नाव लिहिलेलं असू द्या.” स्वप्नीलचा आवाज फुटला.

सुपडू म्हणाला, “लिहा. पण दुपारी दोननंतर लिहा. माझ्यासाठी एवढं करा.”

“दोननंतर,” स्वप्नील म्हणाला. कारण त्याने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुपडूने तेच बिननावाचं पुस्तक शिवायला घेतलं. सातव्या फर्म्यात नदी होती. नदीच्या उतारावर, जिथून चालत पार होता येतं तिथे, काळ्या चिलखतातला एक शिलेदार उभा, आणि पार होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला तो नाव विचारतो. जो सांगेल त्याला तो घेऊन जातो. जो सांगणार नाही त्याला मारत नाही, पण पलीकडेही जाऊ देत नाही. एक माणूस असा वर्षानुवर्षं गुडघाभर पाण्यात उभा राहिलेला होता, धड अलीकडे नाही, धड पलीकडे नाही.

सुपडूने सुई खाली ठेवली. त्याला ती काचेची पेटी दिसली. आपण मुलाचं नाव झाकून ठेवलं तर तो तिथेच राहणार होता, आणि लिहू दिलं तर हेल्मेटवाला उद्या दवाखान्यात जाऊन उभा राहणार होता. त्याने ते पान पुन्हा वाचलं, एरवी तो कुठलंच पान दोनदा वाचत नसे. शिलेदार नाव मागत होता. कोणाचं द्यायचं, ते पुस्तकात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मग त्याचे हात भराभर चालू लागले. पुठ्ठा कापला, कापड ओढलं, अस्तर चिकटवलं, दाबाच्या शिकंज्यात घट्ट आवळलं. एक वाजता कामिनी मॅडम जेवायला गेल्या. त्यांनी पुढच्या दाराला कुलूप घातल्याचा आवाज त्याने नीट ऐकला.

दोन वाजता खोलीतला उजेड थोडा कमी झाला. तो दारात उभा होता.

“विचारलंत?”

“विचारलं.”

“मग नाव काय तिसऱ्याचं?”

हेल्मेटच्या काचेत सुपडूला आपलाच चेहरा दिसत होता, छोटा आणि वाकडा. बाहेर वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती. दूर पांझरा नदीच्या पुलावरून रोज ऐकू येणारे हॉर्नही बंद झाले होते. सुपडूच्या आयुष्यात कोणी त्याला इतक्या लक्षपूर्वक काही विचारलं नव्हतं. सरकारी कागदांवर, लग्नपत्रिकेवर, रेशनकार्डावर सुपडू होता आणि लोक हाक मारून पुढे जात. खरं नाव जिभेवर यायला वेळ लागला, कारण ते मोठ्याने त्याने कधी उच्चारलंच नव्हतं.

“अभिमन,” तो म्हणाला.

“अभिमन,” त्या माणसाने म्हणून पाहिलं. “हे तर जुनं नाव दिसतं.”

“पुस्तकच जुनं आहे. बांधणी तेवढी नवी.”

हेल्मेट थोडं कललं. सुपडूला वाटलं, पकडलं याने आपल्याला. पण त्या माणसाने पांढऱ्या मोज्याच्या हाताने खिशातून चिठ्ठी काढली आणि सावकाश, एकेक अक्षर गिरवत लिहिलं. लिहून झाल्यावर त्याने ती चिठ्ठी सुपडूला दाखवली, चूक तर नाही ना, अशा थाटात. चूक नव्हती.

“खळ ओली आहे अजून,” तो म्हणाला. “सुकू द्या. उद्या याच वेळेला नेतो.”

तो गेल्यावर पुलावरचे हॉर्न पुन्हा ऐकू आले. अडीचला फोन वाजला. मंदाबाई एकाच वेळी रडत होती आणि हसत होती. “पोऱ्या रडना, रत्नाना बाबा. इतला मोठा रडना, बठ्ठा दवाखाना गोया व्हयना. आते दूध पेस. पेटीबाहेर काढं त्याले.” मागून स्वप्नीलने फोन घेतला. “मामा, आताच नाव लिहिलं. आता तरी सांगू?”

“सांगा,” सुपडू म्हणाला.

स्वप्नीलने सांगितलं. चांगलं नाव होतं, हल्लीचं, दीड अक्षराचं. सुपडूने ते एकदा म्हटलं, मग मोठ्याने परत म्हटलं, आणि त्याच्या डोळ्यांना धार लागली. संध्याकाळी तो पूल ओलांडून दवाखान्यात गेला. रत्नाने बाळ त्याच्या हातात दिलं. त्याच्या खळीच्या हातांचा वास आवडला नसावा, बाळ पुन्हा किंचाळलं. सुपडू खूप वेळ ते रडणं ऐकत बसला. परतताना मंदाबाईने विचारलं, “काय व्हयनं? इतला गप काबरं?” त्याने सांगितलं, ऊन लागलं असेल.

तिसऱ्या दिवशी त्याने लग्नकार्यातला पांढरा सदरा घातला. खोलीत आल्यावर अर्धवट पुस्तकं जमतील तेवढी संपवली आणि ज्यांच्यासाठी वेळ उरला नाही त्यांच्यावर, पुढच्या माणसाला कळावं म्हणून, किती फर्मे झाले ते पेन्सिलीने लिहून ठेवलं. दाभण, सुया, कात्री पुसून ओळीने मांडली.

“आज कुठे लग्नाला, सुपडूभाऊ?” कामिनी मॅडम जेवायला निघताना म्हणाल्या.

“पाहुणा यायचा आहे, मॅडम.”

कुलूप लागलं. सुपडूने खोलीतल्या दोन्ही खुर्च्या झटकल्या आणि समोरासमोर ठेवल्या. माठातून दोन पेले पाणी भरलं. येणारा उन्हातून येणार होता. एक पेला त्याने त्याच्या बाजूला ठेवला, त्यात धूळ पडू नये म्हणून वर पुठ्ठ्याचा एक चौकोनी तुकडा झाकला, आणि आपला पेला हातात घेऊन दाराकडे तोंड करून बसला.