पितळी विष

पडद्याची कड उचलून ती आत डोकावली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पितळेत घडवलेला रेणू माणसाएवढा उंच होता, लखलखीत होता आणि उलटा होता.

संस्थेचे संचालक खुर्च्या मांडून घेत होते.

“सर, हा आरशातल्यासारखा झालाय. कारागिराला चित्र पालटून कुणी दिलं?”

“मीच. तोंड दाराकडे हवं होतं. नसेल आवडत तर फिरवून ठेवा.”

“फिरवून नाही होत. डाव्या पायाचा बूट कितीही फिरवला तरी उजव्या पायात जात नाही.”

“अहो, तीन बोटं आहेत ना? मुळाशी गंधकाचे टाके आहेत ना? बघणाऱ्याला आणखी काय कळणार आहे? आजचा दिवस गप्प बसा.”

सापाच्या विषातला हा इवलासा रेणू. त्याची बोटं स्नायूवरच्या खाचेत नेमकी जाऊन बसतात. मग नसेचा निरोप स्नायूला पोचत नाही आणि माणूस शुद्धीवर असतानाच त्याचा श्वास थांबतो. तिचा दादा तसाच गेला होता, पापण्या मिटलेल्या आणि सगळं ऐकू येत असताना. त्यानंतर ती दुसरं काही शिकलीच नाही. आणि या गृहस्थांना पितळ चकाकलं म्हणजे झालं! कळस म्हणजे पडदा उघडायला त्यांनी तिच्या आईला बोलावलं होतं. फोटो चांगला येतो म्हणे.

आई वेळेआधीच आली. पाहुणे जमले, कॅमेरे वर झाले. चष्मा पुसून तिने दोरी हातात घेतली आणि लेकीकडे मान वळवली.

“आत तेच आहे ना गं? तुझ्या दादाला नेलं ते?”

संचालकांनी हसऱ्या तोंडानेच डोळे वटारले. नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी भागलं असतं.

“नाही, आई. हे उलटं केलंय. याने कुणाचा श्वास थांबला नसता.”

आईने दोरी सोडली.

“आजी, अगदी लहानसा फरक आहे,” संचालक पुढे झाले. “ओढा तुम्ही.”

“लहानसा? त्याच्या तोंडावर दोन शब्द बोलायचे होते मला. किती दिवस जुळवत होते. याला काय बोलू? या बिचाऱ्याने माझं काय वाकडं केलंय?”

ती पहिल्या रांगेत जाऊन बसली, पिशवी मांडीवर घेतली.

“खरं करून आणा,” ती म्हणाली. “मी थांबते.”