उन्हाळ्यात फुललेलं ब्लीडिंग हार्ट

मला झाडांतलं काडीचं कळत नाही. मी शिवणकाम करणारी बाई. कापडाला पाणी घालावं लागत नाही, हेच मला बरं वाटतं. परसातली बाग माझ्या धाकट्या बहिणीची. कुंपणाच्या सावलीत तिचं लाडकं ब्लीडिंग हार्ट. वाकलेल्या दांडीला ओळीनं लोंबणारी, पत्त्यांतल्या बदामासारखी गुलाबी फुलं, खाली पांढरा थेंब.

ते ऐन बहरात असताना तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. रिपोर्ट आले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, फार तर चार महिने. मी तिच्या खाटेशी जाऊन म्हणाले, "रिपोर्ट चांगले आलेत. उगाच घाबरवलंस सगळ्यांना!" मेली माझी जीभ जराही अडखळली नाही.

मग रोज तिचा एकच प्रश्न, "ताई, झाड कसंय?"

ऊन तापलं तशी पानं पिवळी पडली आणि बघता बघता सगळं झाड आडवं झालं. मी दोनदा पाणी घातलं, चारदा घातलं. उपयोग शून्य. तिचं एवढं एक झाड मला सांभाळता येऊ नये? असला राग आला स्वतःचा! शेवटी खुरपं घेऊन मुळं उपटली. जाडजूड होती, पण कटाकट मोडली. कचऱ्याच्या गाडीत टाकली, हात धुतले नि दवाखान्यात गेले.

"झाड कसंय?"

"अगं, फुलांनी नुसतं लगडलंय!"

"या उन्हात?"

"हो मग! तुझ्यापेक्षा माझा हात चांगला म्हणायचा."

ती हसली नाही. "ताई, उन्हाळ्यात ते वरून सगळं वाळतं. मुळं तेवढी मातीत जिवंत असतात, पुढच्या वर्षी फुटतात. दरवर्षीचंच आहे ते."

मी खाली बघत तिची चादर सारखी करायला लागले.

"मग रिपोर्टही असेच चांगले आलेत का गं?"

मला रडू फुटलं. तिला काय ते कळलं. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग तिनं माझा हात धरला. "जाऊ दे. आता एक तरी खरं सांग. वाळलं म्हणून मुळं नाही ना उपटलीस? मी नसले तरी ते फुलेल."

"नाही गं बाई," मी म्हणाले. "आहेत तिथंच."

तिनं मान हलवली. तेवढ्यावर मात्र तिचा विश्वास बसला.