भागूआत्या कॉलेज बघायला जाते

देवाशप्पथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे! एक अक्षर जरी खोटं निघालं तर माझी कवळी रात्री वाटीतून उठून पळून जावो आणि उद्याची भाकरी मला पाण्यात कालवून खावी लागो. आता याहून मोठी शपथ म्हातारीनं कुठली घ्यायची?

तर ही कोंडाण्याची सुरभी. विकासची मुलगी. विकास थोडं भात लावतो आणि एरवी एका फार्महाऊसवर माळीकाम करतो. सुरभी बारावी झाली आणि तिचा नर्सिंगला नंबर लागला. लागला तोही एका ठिकाणी नाही, दोन ठिकाणी. एक कॉलेज कर्जतात, टमटमनं रोज जाऊन येऊन करण्यासारखं. दुसरं तिकडं खालापुराकडं, कुंभिवलीच्या पुढं, हायवेला लागून. तिथं होस्टेलवर राहावं लागणार. कॉलेजांची नावं नाही सांगत, नाहीतर उद्या दोन्हीकडची माणसं माझ्या दारात. कोर्स दोन्हीकडं तोच, तीन वर्षांचा. सोमवारपर्यंत कुठंतरी एकीकडं हो म्हणायचं होतं.

पण हो म्हणायचं कुणी? त्या घरात हो आणि नाही, दोन्ही म्हणायचं काम एकाच माणसाकडं. भागूआत्या. विकासची थोरली बहीण, नवरा गेल्यापासून भावाकडंच राहते. तिचा आवाज असा, की तिनं कोंडाण्यातून गुरांना हाक मारली तर ठाकुरवाडीला घाट चढणारी गाडी थबकते. ड्रायव्हरला वाटतं, सिग्नल लागला. हसू नका, रेल्वेतल्या माणसानं सांगितलेलं आहे.

आणि सुरभीचा आवाज? ती बोलली तर चुलीजवळच्या मांजरानं कान टवकारावा, एवढाच. मागच्या भातकापणीला विकासला बांधावर साप चावला. आत्यानं त्याला अंगणात बसवला, वाटीभर तूप पाजलं, वर कडुलिंबाचा पाला चावायला दिला. कडू लागतो का, विचारलं; कडू लागला तर विष नाही म्हणे. अख्खी आळी गोल करून बघत उभी. सुरभीला शाळेत शिकवलेलं, खायला-प्यायला काही द्यायचं नाही, आधी दवाखाना. शब्द तिच्या ओठापर्यंत आला आणि आत्याच्या तोंडाकडं बघून तिथंच बसला. पुष्कळ वेळानं कुणाची तरी गाडी मिळाली, तेव्हा विकासला कर्जतला नेला. दैव बरं, साप म्हणजे धामण निघाली, बिनविषारी. विकास वाचला आणि सगळं श्रेय तुपाला गेलं. सुरभीच्या डोक्यातून मात्र ते अंगण गेलं नाही. धामण नसती तर, हाच विचार. नर्स व्हायचं तिनं त्या अंगणात उभ्या उभ्या ठरवलं.

आता दोन कॉलेजं म्हटल्यावर आत्यानं पदर खोचला.

"कॉलेज काय आन् सोयरीक काय, मुलगी त्यांच्या घरात द्यायचीच हाय ना? मंग घर बघाया नको?"

"आत्या, कॉलेज गं ते," विकास म्हणाला. बहीण असली तरी पोरीच्या तोंडानं तोही तिला आत्याच म्हणतो.

"तुजी बायको कुणी बघून आणली रं? कॉलेजानं?"

झालं. विषय संपला.

आत्यानं पंचक्रोशीतल्या पोरींसाठी घरं बघितलेली. तिची रीत ठरलेली. पुढच्या दारानं जायचंच नाही, कारण पुढचं दार पाहुण्यांसाठी सारवलेलं असतं. सासूशी गोड बोलायचं पण नजर थोरल्या सुनेवर ठेवायची, ती किती सुकलीय ते बघायचं. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे, मनात होकार नसेल तोवर त्या घरचं पाणी प्यायचं नाही. चहा घेतला म्हणजे मुलगी दिली. म्हणून निघताना तिनं आपल्या पाण्याची बाटली भरून घेतली आणि डब्यात रव्याचे लाडू. माणसं झाली तीन, तर तीन तिगाडा नको म्हणून चौथी सुपारी विकासच्या खिशात घातली.

पहिलं कर्जतचं. काय ते कॉलेज! फरशी अशी, की आत्याला पदर सावरायला आरसा लागला नाही. मॅडम खुर्चीतून उठून पुढं आल्या. "या मावशी, बसा, लांबून आलात." पंखा लावला. पोरी रांगेत उभ्या राहून नमस्ते म्हणाल्या. बशीवर बशी, बशीत बिस्किटं, आणि चहा आला वेलची घातलेला.

आत्यानं कपाकडं पाहिलं, मॅडमकडं पाहिलं, पंख्याकडं पाहिलं. आणि उचलून प्याली की! विकासनं सुरभीकडं बघून मान हलवली. म्हणजे ठरलं, पोरी.

सुरभीलाही वाईट काही वाटलं नाही. घरी संध्याकाळी परत यायचं, आईच्या हातचं खायचं. तिनं कप हातात धरला, पण चहा तसाच गार झाला.

मग मॅडम शिकवायची खोली दाखवायला घेऊन गेल्या. ओळीनं खाटा, पांढऱ्या चादरी. शेवटच्या खाटेवर एक माणूस निजलेला, गळ्यापर्यंत चादर. आत्या सरळ तिकडं.

"काय झालंय हो दादा? गाव कुठलं तुमचं?"

दादा गप्प.

"वाचा गेली वाटतं बिचाऱ्याची," आत्या म्हणाली आणि पदरानं वारा घालू लागली. अहो, ती डमी होती! रबराचा पुतळा, पोरींना शिकवायला आणलेला. तोंड त्याचं कायम उघडं, कारण श्वास कसा फुंकायचा ते त्याच्यावर शिकवतात. आत्याला वाटलं, माणूस भुकेला आहे. तिनं डबा उघडला आणि लाडू फोडून अर्धा त्याच्या तोंडात घातला.

खोलीत पोरी होत्या, दोन मॅडम होत्या. सगळ्यांनी बघितलं. एकजण हसू दाबत खिडकीकडं वळली. पण थांबा म्हणून कुणी म्हणालं नाही. म्हाताऱ्या माणसाला कसं बोलायचं? उलट छोट्या मॅडम म्हणाल्या, "बरं वाटेल हो मावशी त्यांना."

"वाटंलच," आत्या म्हणाली. "साजूक तुपातला हाय." आणि उरलेला अर्धाही घातला. सांगतात, तिथल्या मुंग्या अजून दुसऱ्या खाटेवर जात नाहीत.

सुरभीनं शेजारच्या पोरीला हळूच विचारलं, "खरे पेशंट कुठं असतात गं?"

"ते पुढच्या वर्षी. नेतात कदीतरी दवाखान्यात," ती म्हणाली. "आता हाच आमचा पेशंट. बरा हाय, वरडत नाय."

दुसऱ्या दिवशी खालापूर. आत्याला जायचंच नव्हतं. चहा झालेला, आता दुसरं घर कशाला बघायचं? पण सुरभी म्हणाली, "बघून तर येऊ." एवढं तरी म्हणाली. आणि गेले.

तिथं कॉलेज आणि इस्पितळ एकाच आवारात. दारात कुणी उठलं नाही, कारण बसलेलंच कुणी नव्हतं. हायवेवर टेंपो उलटलेला, त्यातली माणसं आणलेली, सगळ्यांची धावपळ. एक मॅडम जाता जाता म्हणाल्या, "ॲडमिशनवाले का? बघा फिरून, मी आलेच." त्या गेल्या त्या गेल्याच.

"पाहुण्याला बसा म्हणाया माणूस नाय," आत्या फणकारली. "पंखाबी गरागरा वाजतोय. चल रं, मागच्या दारानं बघू."

मागच्या दारानं शिरले ते थेट पुरुषांच्या वॉर्डात. खाटेवर एक म्हातारा, धोंडी त्याचं नाव, हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आणलेला. हा काही पुतळा नव्हता. आत्याच्या हातातली बाटली बघून त्याचे डोळे पाणावले.

"बाय, घोटभर पानी दे गं. रातीपासनं कोरडा हाय मी. ह्या पोरी दुश्मन हायत."

"अरं देवा! पान्याला माणूस तरसतोय?" आत्यानं बाटलीचं झाकण फिरवलं.

सुरभी शेजारीच उभी. खाटेच्या डोक्याशी पाटी होती, उपाशी ठेवणे. तिनं ती वाचली. शब्द आला, ओठापर्यंत आला आणि बसला, जुन्या सवयीनं.

"थांबा!"

वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाकडून आला तो आवाज. मोठा नव्हता फार, पण सरळ होता. ठेंगणीशी एक पोरगी चालत आली आणि तिनं आत्याच्या हातातून बाटली काढून घेतली. काढून घेतली! कोंडाण्यात हे सांगितलं तेव्हा लोक म्हणाले, काहीतरीच. तर ती संध्या. ठाकुरवाडीच्या अंगची, डोंगरातल्या वाडीची पोर, तिसऱ्या वर्षाला शिकणारी.

"बाबांचं ऑपरेशन हाय. पोटात पानी गेलं तर भूल दिल्यावर ते वर येईल आन् छातीत जाईल."

"घोटभर गं!"

"घोटभरबी नाय."

"मी कोन हाय, ठावं हाय का तुला?"

"पेशंटच्या नात्यातल्या हाव का?"

"नाय."

"मंग वॉर्डाच्या बायेर बसा, आजी."

आजी! जिला चार गावं आत्या म्हणतात, तिला आजी! विकासनं डोळे मिटून घेतले, आता छप्पर उडणार म्हणून. पण आत्याच्या तोंडातून आवाजच निघेना. ती गेली आणि बाहेरच्या बाकावर बसली. पहिल्यांदा, हो. लग्नात गौराईसारखी बसवली होती, तेवढं सोडून, कुणी बस म्हटल्यावर भागूबाई बसली ती त्या बाकावर.

संध्यानं मग कापसाचा बोळा ओला केला आणि धोंडीच्या ओठांवर फिरवला. "जीब वली करते बाबा. गिळायचं नाय. नंबर तुमचाच हाय आता." म्हातारा कुरकुरला, पण लहान पोरासारखा तोंड उघडून पडून राहिला.

सुरभी तिथंच खिळलेली. संध्या हात धुवायला गेली, तशी ही मागं गेली.

"भ्या नाय वाटत तुला? मोठ्या माणसाला असं बोलताना?"

"आता नाय वाटत," संध्या म्हणाली. "पयल्या वर्षाला तर माजा आवाजच फुटायचा नाय. एकदा थांबा म्हनले ते कुनाला आयकूच गेलं नाय. सिस्टर म्हनल्या, परत म्हन. परत म्हनले. म्हनल्या, परत. वॉर्डातले पेशंटबी म्हणाया लागले, म्हन गं बाय, म्हन."

सुरभी हसली. मग हसू थांबलं आणि तिचे डोळे भरून आले. का ते संध्यानं विचारलं नाही. तिनं फिल्टरचे तीन ग्लास भरले आणि बाकाशी घेऊन आली.

"उन्हाचे आलाव. पानी घ्या."

आत्यानं तळहात आडवा धरला. विकासनं बहिणीकडं पाहिलं आणि त्यानंही धरला. सुरभीनं ग्लास घेतला. एकदा आत्याच्या तोंडाकडं बघितलं आणि पिऊ लागली. सावकाश, पूर्ण, शेवटच्या थेंबापर्यंत. विकासला तर त्या घोटांचा आवाज पंख्याच्या गरगराटातही ऐकू आला म्हणे.

परतताना फाट्यावर तिघं रिक्षाची वाट बघत उभे राहिले. कंटेनर जात होते धाडधाड.

"त्यांचं पानी प्यालीस," आत्या म्हणाली.

"प्यायले."

"तान लागली व्हती का?"

"नाय."

तो नाय म्हणताना तिचा आवाज कापला, पण निघाला. कंटेनरच्या आवाजातही ऐकू गेला. विकास मधे पडला, "तिला रीत ठाव नाय गं आत्या, पोर हाय."

"ठाव हाय मला," सुरभी म्हणाली. "मला हितंच यायचंय."

"कर्जतच्या मानसांनी किती मान दिला! हिथं तुज्या आत्याला वॉर्डातनं हाकलली."

"म्हनूनच. तिकडं तुला कुनी थांबवलं नाय, आत्या. अंगनात मीबी थांबवलं नाय. बाबाला तूप पाजलंस तवा मला ठाव व्हतं. समदं ठाव व्हतं." तिनं बापाकडं बोट दाखवलं. "धामण व्हती म्हणून बाबा हितं उबा हाय."

विकासनं चमकून लेकीकडं पाहिलं. मग उगाच रस्त्याकडं बघत राहिला.

एक कंटेनर गेला, दुसरा गेला. मग भागूआत्यानं पुढं होऊन सुरभीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "माज्याच वळनावर गेलीस. जा."

सोमवारी विकासनं खालापूरला होकार कळवला. सुरभी आता तिथं पहिल्या वर्षाला आहे.

बरं, आता तुम्ही माझ्या तोंडाकडं असं बघू नका. सांगते. सगळं खरं आहे, मुंग्यासुद्धा. फक्त तो पाठीवरचा हात आणि ते 'जा', एवढं मी माझं घातलं. तसं काही झालं नव्हतं. पोरीचं ते ऐकून भागूबाई फाट्यावर पुढं एक शब्द बोलली नाही, रिक्षात बोलली नाही, कर्जतला उतरून टमटममध्ये बसली तरी नाही. शेवटी टमटमवाल्यानंच विचारलं, "आत्या, आज गप का? कुठं गेल्ता?"

तेव्हा ती म्हणाली, "खालापूरला. भाचीचं घर बघाया." आणि तोंड फिरवून शेताकडं बघत बसली.